शाल-नारळ नको म्हणालात, मग हे पत्र घ्या

ती. स्व. नानांस,
सा. न. वि. वि.

तलावाचा बांध वाचवलात म्हणून ग्रामसभेत तुमच्या सत्काराचा ठराव झाला तेव्हा तुम्ही निरोप धाडलात, "तेवढ्या पैशात वाळूची एक खेप आणून तलावाच्या पायथ्याला टाका." खेप आणली, टाकली. आभार मात्र राहूनच गेले. म्हणून हे उघडं पत्र, चारचौघांनी वाचावं असं. माण-खटावपासून सांगोला-आटपाडीपर्यंत ओढ्याओढ्यांवर मातीचे असे पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायला बांधलेले तलाव, पडून आहेत आणि त्यांतल्या कितीतरी तलावांना तुमच्यासारखा विचारणारा माणूस नाही.

आमचा तलाव 1972 च्या दुष्काळातला. राज्यात रोजगार हमीची सुरुवात झाली तेच हे वर्ष. खडी फोडायची, रस्ते करायचे, नालाबंडिंग करायचं नाहीतर तलावाचा भराव टाकायचा, आणि सुकडीवर दिवस काढायचे. तुम्ही शेजारगावचे, पण शाळा सोडून आईबरोबर आमच्याच बांधावर पाट्या वाहिल्यात. पुढे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे खात्यात लागलात, असे किती बांध उभे केलेत आणि निवृत्त झालात. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला आमच्या तलावाचं पोटातलं सगळं ठाऊक आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही त्याला 'गळका' म्हणायचो. दिवाळीला काठोकाठ आणि माघात तळ उघडा! दर निवडणुकीत कुणी ना कुणी त्याला सिमेंट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद लावून द्यायचं आश्वासन द्यायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तुम्ही मात्र खालच्या अंगाच्या विहिरींवर घेऊन गेलात. दोरीला दगड बांधून सोडलात, ओल्या दोरीवर खूण केलीत, मग तलावाच्या वरच्या अंगाच्या विहिरीत तीच दोरी सोडलीत. खाली पाणी हाताशी होतं, वर दोरी पुरली नाही. "सूनबाई, हा गळत नाही, काम करतोय," म्हणालात. पाणी उघड्यावर साठवून ठेवलं तर उन्हाळ्यात सूर्य त्यातला मोठा वाटा उचलतो. मुरमातून, फुटलेल्या खडकातून खाली उतरलं की ते विहिरींचं झालं. पाझर तलावाला पाट नसतो, कालवा नसतो, म्हणून त्याचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. खालच्या कातळाला भेगाच नसतील तर पाणी तसंच बसून राहतं आणि वाफ होऊन जातं, असेही तलाव झाले आहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

पण तळातून झिरपणं वेगळं आणि बांधातून गळणं वेगळं. राळेगण सिद्धीचं उदाहरण तुम्ही तेव्हाच दिलं होतंत. तिथला पाझर तलावही बांधातून गळत होता, पाणी ठरत नव्हतं. गावानं श्रमदानानं तो दुरुस्त केला आणि मग खालच्या विहिरींना पाणी आलं. आम्ही माना डोलावल्या आणि घरी गेलो. फरक कळला तो गेल्या परतीच्या पावसात.

त्या दिवशी दुपारपासून ओढा दुथडी भरून वाहत होता. संध्याकाळी गुरं घेऊन परतणाऱ्या पोरानं सांगितलं, बांधाच्या मागच्या बाजूला पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येतंय. निम्मं गाव बॅटऱ्या घेऊन जमलं. कुणी म्हणे जेसीबीनं बांध एका कडेनं फोडून पाणी काढून द्या. बाकीच्यांनी ट्रॉलीभर काळी माती आणून त्या भोकावर थापायला घेतली, वरून ताडपत्री. तेवढ्यात तुम्ही मुलाच्या मोटारसायकलवरून आलात आणि पहिला शब्द "थांबा" असा निघाला.

मग तुम्ही पेला मागितलात. मला वाटलं, तहान लागली असेल. तुम्ही त्या उमाळ्याचं पाणी पेल्यात धरलंत, बॅटरीच्या उजेडात दगडावर ठेवलंत आणि सगळ्यांना गप्प बसवलंत. पाणी गढूळ होतं, आणि थोड्या वेळानं पेल्याच्या बुडाशी बारीक मातीचा थर बसला. तुम्ही तो बोटावर घेऊन चोळलात. "ही आपल्या बांधाची माती आहे. पाणी निवळ असतं तर मी घरी जाऊन झोपलो असतो."

तेव्हा समजलं. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, नितळ पाणी येत असेल तर फक्त नजर ठेवायची. पण पाणी गढूळ झालं म्हणजे ते आतून माती ओढून आणतंय. भोक बाहेरून आत, तलावाकडे वाढत जातं, आणि एकदा ते आरपार झालं की वेळ उरत नाही. तोंडावर काळी माती थापली की पाणी अडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फोडून निघतं. म्हणून तुम्ही थापलेली माती काढायला लावलीत. आधी वाळू, वर बारीक खडी, मग मोठी खडी, शेवटी दगड. घरकुलाच्या कामाची वाळू शेजारीच पडली होती म्हणून बरं. पाण्याला वाट द्यायची, मातीला द्यायची नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. मध्यरात्रीनंतर पेल्यातलं पाणी निवळायला लागलं.

ते चालू असतानाच तुम्ही सांडव्याकडे, म्हणजे तलावातलं जादा पाणी निघून जायच्या वाटेकडे, बॅटरी मारलीत आणि तुमचा आवाज चढला. सांडव्यावर वाळूच्या गोण्यांची रांग! दोन हात पाणी जास्त साठावं म्हणून कुणीतरी रचलेल्या. कुणी, ते गावाला माहीत आहे, इथे लिहीत नाही. सांडवा अडवला की बांधाचा माथा आणि पाणी यांतली मोकळी जागा संपते, आणि मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की तो बांध राहत नाही. काँक्रीटचा तग धरेल, मातीचा नाही. तुम्ही तलाठ्याला आणि तहसीलला कळवायला लावलंत, ओढ्याकाठच्या वस्तीला फोन करून माणसं-जनावरं वर काढायला लावलीत आणि त्यानंतरच एका टोकाकडून एकेक गोणी हलवू दिलीत. घाई करणाऱ्या पोरांना तुम्ही जे बोललात ते इथे छापता येणार नाही.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. तुम्ही हसला नव्हतात, असं काकू सांगत होत्या. खेकडे बिळं करतात, घुशीही करतात, ते खोटं नाही. पण बीळ दिसतं, ओल दिसते, गळती दिसते, आणि ती बघायला वर्षातून एकदा कुणीतरी बांधावरून चालत जावं लागतं. खेकड्याला नोटीस काढता येत नाही, तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी तालुक्याच्या बैठकीत वापरलं आणि टाळ्या मिळवल्या. तेवढी माफी असावी.

पाऊस सरल्यावरही तुम्ही आम्हाला सोडलं नाहीत. बांधावरची वेड्या बाभळीची झुडपं मुळासकट काढायला लावलीत, पण मोठ्या झाडाला हात लावायचा तर आधी विचारा, असा दम दिलात. झाड तोडलं की मुळं आत कुजतात आणि जागोजाग नळ्या तयार होतात, हे आम्हाला कोण सांगणार होतं? बिळं उकरून ओल्या चिकणमातीनं भरली आणि थराथरानं धुमस मारली. माझ्या तळहाताचे फोड पाहून तुम्ही म्हणालात, आईच्या हाताला असेच होते.

गाळाचंही तसंच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून 2017 पासून गाळ निघतोय, चांगलंच आहे. तळाला बारीक गाळाचा लेप बसला की पाझर बंद होतो, आणि तोच गाळ हलक्या रानात टाकला की रान सुधारतं. पण तुम्ही चुन्याची फक्की मारून रेघ आखलीत. त्या रेघेच्या अलीकडे, बांधाच्या पायाजवळ, पोकलेन येणार नाही. गाळाखालचा मुरूम उचलायला आलेले डंपरही तुम्हीच परत पाठवलेत. त्यात काहीजण तुमच्यावर नाराज झाले. त्यांच्या वतीनं मी आभार मानत नाही.

एका बाबतीत तुमचं अजून ऐकलं गेलेलं नाही. 1974 पासून पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटायचं आणि उसाला द्यायचं नाही. तुम्ही हे प्रत्येक बैठकीत सांगता आणि प्रत्येक बैठकीत कुणाला तरी तेव्हाच दूध घालायला जायचं असतं. तलाव पाणी मुरवतो, आणि खाली बोअरवरून उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरलं की तेच पाणी पुन्हा उन्हात! यावर ठराव करायला माझ्या बाजूनं तीन सदस्य झालेत. चौथ्याला तुम्हीच समजवा, तो तुमच्या ऐकण्यातला आहे.

मृगाच्या आधी एकदा या. ठेवलेल्या वाळूतली अर्धी कुणी घराला नेली, तर तुम्हाला कळवायच्या आधी भरून ठेवीन. दोन पोरी आणि एक मुलगा, बारावी झालेले, बांधावरून तुमच्याबरोबर चालायला तयार आहेत. वही-पेन घेऊन येतील. काकूंना माझा नमस्कार सांगा, आणि गुडघ्याचं निमित्त सांगू नका. गाडी पाठवते.

आपली,
ग्रामपंचायत सदस्य, वॉर्ड दोन