मंत्रिमहोदय, माझी लाइफ जॅकेटं तरी परत द्या

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पत्राच्या डोक्यावर आपलं नाव घातलेलं नाही, खातंही घातलेलं नाही. नावाचं म्हणाल तर खुर्च्या बदलतात आणि अर्ज तिथेच राहतो. खात्याचं म्हणाल तर तीन वर्षं चपला झिजवूनसुद्धा धरणातलं पाणी नेमकं कुठल्या खात्याचं, हे मला समजलेलं नाही. तेव्हा ज्यांना हे पत्र आपल्याला लागू आहे असं वाटेल, त्यांनी ते आपलंच समजावं, ही नम्र विनंती. विनंतीतला नम्रपणा इथपर्यंतच पुरेल असं दिसतंय.

गेल्या रविवारी सकाळी सव्वाआठच्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या काठावर माझ्या दोन कयाक, तीन वल्ही, सहा लाइफ जॅकेटं आणि चार गळ जप्त झाले. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कारवाई तिथल्या चौकीदारावर होईल, आणि त्या माणसाचा काही दोष नाही. तो बिचारा मान खाली घालून एवढंच म्हणत होता, "दादा, मला काय बी इचारू नका, वरनं फोन आलाय." पंचनाम्यात माझ्या कयाकचं वर्णन 'प्लास्टिकची होडी, रंग नारिंगी, दोन नग' असं आहे. जॅकेटांचं वर्णन 'हवेचे बनियन, सहा'. आत हवा नसते, फोम असतो, असं मी सांगायला गेलो तर साहेब म्हणाले, पाण्यावर तरंगतं ना, मग झालं.

माझ्याबरोबर त्या दिवशी पाच माणसं होती. पुण्याचं एक कुटुंब, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि माझा भाचा. मुलीच्या गळाला नुकतीच चिलापी लागली होती, वीतभर. ती तिने हातात धरून ठेवली होती आणि पंचनामा होईपर्यंत सोडायचीच विसरली. शेवटी तिच्या आईने मासा पाण्यात सोडला. सुटका झाली ती त्या माशाची.

आता आपल्याला आठवण करून देतो. साधारण सव्वा वर्षापूर्वी एका महोत्सवाच्या उद्घाटनाला आपण आमच्याकडे आला होता. फोटोसाठी आपल्याला माझ्याच नारिंगी कयाकमध्ये बसवलं होतं. घोट्याएवढं पाणी, पुढून दोघांनी धरलेली, मागून तिघांनी. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांवर जॅकेट चढवताना पट्टा पुरेना, तेव्हा तो मी माझ्या हाताने सैल केला. आपण वल्हं उलटं धरलं होतं. कुणी बोललं नाही, मीही नाही. उतरल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकवर म्हणालात, "अशा होतकरू मुलांना आठ दिवसांत परवाना मिळाला पाहिजे." माझं वय बेचाळीस. तरी मुलांमध्ये धरलंत, बरं वाटलं. तो फोटो फ्लेक्सवर लागला, फ्लेक्स अजून फाट्यावर आहे. पावसाने आपला चेहरा गेला, कयाक शाबूत आहे. फ्लेक्सवरची म्हणतोय. खरी जप्त आहे.

परवान्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यात संपतच नाही. पाणी आणि धरण पाटबंधाऱ्याचं. पाण्यातला मासा मत्स्यव्यवसायचा, आणि तो ठेक्याने सहकारी संस्थेला दिलेला. काठावरचं झाड वनखात्याचं. पाण्यावर तरंगणारी वस्तू आली की सागरी मंडळ. साताऱ्यात समुद्र कुठे, असं मी विचारलं, तर टेबलापलीकडचा माणूस इतका गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिला की मलाच लाज वाटली. अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा 2021 साली आला, त्याचा कागद मी स्वतः काढून नेला. तिथे तो पहिल्यांदा बघितल्यासारखा बघितला आणि झेरॉक्स ठेवून घेतली. संस्थेच्या चेअरमनना मी चहाला गाठलं. ते म्हणाले, "तुमच्या गळानं आमचा मासा संपत न्हाई ओ, पण आमी लेखी कसं देणार?" हे मात्र माणूस खरं बोलला. अकरा खेपा झाल्या. गॅरेज बंद ठेवून गेलेले अकरा दिवस. टू-व्हीलरचं गॅरेज आहे माझं, बंद असलं की गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं, ते परत येत नाही.

मी करतो काय, तेही सांगून टाकतो, नाहीतर वाटेल मी पाण्यावर हॉटेल काढतोय. दिवाळी झाली की मे महिन्यापर्यंतचे रविवार. जास्तीत जास्त सहा माणसं. सकाळी साडेसहाला पाण्यात, साडेदहाला बाहेर, कारण ऊन चढलं की पश्चिमेचा वारा सुटतो आणि तलावावर लाटा उठतात. त्या वाऱ्यात नवखा माणूस वल्हवतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे. ज्याला वल्हवायचं नाही तो काठावर गळ टाकून बसतो. कणकेत शेंगपेंड मळायची, हरभऱ्याएवढी गोळी, आणि दोरीला भेंडाचा हलका तुकडा, पाण्यावर तरंगणारा. भेंड आधी थरथरतं, मग तिरकं होतं, मग एकदम खाली जातं. थरथरल्यावर ओढायचं नाही, हे शहरातल्या माणसाला शिकवायला तासभर लागतो. चिलापी लागते, नशीब असलं तर मरळ, कधी कटला. महाशीर लागला तर फोटो काढून सोडायचा, हा माझा नियम, कुठल्या खात्याचा नाही. मग गावातल्या एका घरी पिठलं, भाकरी, खर्डा. त्या वहिनींना माणशी अडीचशे रुपये मिळतात. दारू आणली की ट्रिप तिथेच संपली, पैसे परत मिळत नाहीत.

हिशेब तोंडी करतोय, चुकला तर आपल्या खात्याने दुरुस्त करावा. सहा माणसं, पंचवीस रविवार, माणशी बाराशे. वर्षाला एक लाख ऐंशी हजार. अशी पन्नास गावं धरा, नव्वद लाख झाले. पन्नास गावं कुठली, हे मला विचारू नका. आपण तरी भाषणात आकडे टाकताना गावं कुठे मोजता? आणि माझा खर्च मात्र मोजून सांगतो. दोन कयाक, जुन्या घेतलेल्या, प्रत्येकी 31,000. जॅकेटं सहा, प्रत्येकी 1,850. बायकोची पाटली गेली ती वेगळी. ती हिशेबात धरत नाही, घरात धरली जाते.

कारवाई का, तर सुरक्षा. मान्य. पाणी खेळण्याची वस्तू नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. 8 ऑगस्ट 2019 ला महापुरात सांगलीकडे ब्रह्मनाळला होडी उलटली. पुरातून जीव वाचवायला निघालेली माणसं, बायका, लेकरं डोळ्यांदेखत गेली. माझी बहीण सांगलीत दिली आहे, तिच्या शेजारणीचं माहेर तिकडचं. पुढे कितीतरी दिवस सगळे एकच म्हणत होते: जॅकेटं असती तर. मी कयाक घेण्याआधी जॅकेटं घेतली ती त्यामुळे. आणि मंत्रिमहोदय, सुरक्षेसाठी आपल्या लोकांनी जप्त काय केलं? जॅकेटं! त्याच दिवशी संध्याकाळी त्याच काठावर बारा-पंधरा पोरं बाटल्या घेऊन पाण्यात उतरली होती. एकाच्याही अंगावर काही नव्हतं. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण पोहण्याला परवाना लागत नाही आणि बुडण्याला तर अजिबातच नाही.

माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. बामणोलीच्या पलीकडे कुठेतरी, आता नेमकं दाखवता येत नाही. आजी सांगायची, सामान डोक्यावर घेऊन निघालो तेव्हा पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं. मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट, भूकंप. ज्यांना हलवलं त्यांना नवी जागा कळायच्या आधी जमीन हलली. मामा माथाडी म्हणून मुंबईला गेला, जावळीतली निम्मी घरं गेली तशी. (निम्मी हा शब्द मामाचा.) वाडवडिलांची शेतं ज्याच्या तळाशी आहेत त्या पाण्यावर नातवाने होडी घातली तर तो गुन्हा. कोयनेत साठवण 105 टीएमसीच्या वर. लिटरमध्ये सांगायचं तर तीन लाख कोटींच्या आसपास. वीज 1,960 मेगावॅट, तीही बरीचशी बाहेर. त्यातून माझ्या कयाकने काय प्यालं? एक वाटी, परत येताना तळाला साचलेली, तीसुद्धा मी काठावरच ओततो.

गंमत बघा. कोयनेच्या जलाशयाला वर्षानुवर्षं शासकीय गुपिते कायद्याचा धाक होता. 1923 सालचा कायदा, इंग्रजांनी केलेला. म्हणजे आजीचं गाव हे सरकारी गुपित. मग मार्च 2024 मध्ये मुनावळ्याला सरकारचं स्वतःचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं, जेट स्की आल्या, स्पीड बोटी आल्या, आणि गुपित फुटलं. केंद्राला माझा विरोध नाही, मी तिकीट काढून जाऊन आलो, पोरं आनंदात होती. पण जेट स्कीच्या आवाजात मासा लागत नाही आणि शेजारच्या वाडीतल्या माणसाला तिथे बोट लावता येत नाही. महाबळेश्वरला 1842 साली साताऱ्याचे राजे अप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतलेला वेण्णा तलाव आहे. तिथे आज कुणीही तिकीट काढून वल्ही मारतो. तिथलं पाणी ओलं आणि आमचं कोरडं, असं काही आहे का?

आणि मासा वाचवायचा म्हणाल, तर सांगलीला जाऊन या. मार्च 2023 मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा थर तरंगत होता. पोती भरून लोक मासे नेत होते, कुणी खायला, कुणी पुरायला. दाजी दोन दिवस आयर्विन पुलावरून नाक धरून गेले. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत जातं हे सांगलीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं. लहानपणी मी ऐकलं, आता माझा भाचा ऐकतो. त्या माशांचा पंचनामा किती नगांचा झाला? माझे चार गळ मात्र मोजून लिहिलेत, त्यातला एक मोडका आहे याची नोंदसुद्धा आहे. दाजी कृष्णेत वल्हवायला जायचे, भिलवडीच्या बाजूला मगर दिसल्यापासून बंद केलं. मला म्हणतात, तुझ्याकडे बरं, मगरी नाहीत. मी म्हटलं, आहेत, पण आमच्याकडच्या कागदावर चालतात.

सगळीकडे हेच. मोठ्याला परवाना लागत नाही, लहानाला मिळत नाही. रस्ता खोदायला कुणी विचारत नाही आणि भेळेची गाडी लावली की पावती. असो. हे आपल्या खात्यात येत नाही, मला माहीत आहे.

मागणं तसं बारीकच आहे. एक माणूस, एक टेबल, एक कागद. काय नियम हवेत ते लिहा: जॅकेट सक्तीचं, सहा माणसं, साडेदहाच्या आत बाहेर, पावसाळ्यात बंद, भिंतीपासून अमुक अंतर लांब. हे सगळं मी आजही पाळतो, फक्त माझ्याजवळ शिक्का नाही. फी लावा. विमा काढायला लावा. आणि कयाक ठेवायच्या तर ठेवा, पण जॅकेटं परत द्या. पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतली पोरं तलावावर जाणार आहेत, मी नेलं नाही तरी जाणार आहेत.

आपला,
'होतकरू मुलगा', सातारा

ता. क. काल सामानाची चौकशी करायला चौकीवर गेलो होतो. नारिंगी कयाक मागच्या अंगणात आहे. तिच्यात पाणी भरून ठेवलंय, म्हैस पिते. माझ्या कयाकच्या आत नाही, वर बसायचं असतं, पाणी निथळून जायला तिला भोकं असतात. त्यात चिंध्यांचे बोळे कोंबलेत. म्हशीबद्दल तक्रार नाही. बोळे तेवढे काढायला सांगा, भोकांच्या कडा ताणून फाटतात.