तबकडीत उरलेले बँड

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "गोऱ्यांच्या पलटणींच्या बँडमध्ये तुझा एवढा जीव का अडकलाय रे?" मी दोन वाक्यांत काहीतरी बोललो आणि बोलणं मुलांच्या शाळेवर गेलं. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. त्यातून तू राहतोस लंडनच्या हौन्स्लोला, म्हणजे या सगळ्या गोष्टीच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

तुझ्या घराजवळ व्हिटनला नेलर हॉल नावाची जुनी वास्तू आहे. १८५७ पासून ब्रिटिश लष्कराची संगीतशाळा तिथे होती. शाळा निघण्यामागची हकीकत अशी सांगतात: १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धाच्या धामधुमीत, स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, राणीच्या वाढदिवसाची परेड झाली. जमलेल्या सगळ्या बँडांनी मिळून 'गॉड सेव्ह द क्वीन' धरलं आणि सगळा विचका झाला, कारण प्रत्येक पलटणीची पट्टी वेगळी आणि वाद्यरचनाही वेगळी. बँडमास्तर तेव्हा बाहेरून, बरेचदा परदेशातून, पगारावर आणलेले असत, आणि जो तो आपल्या पद्धतीने बँड बसवी. ब्रिटिश सरसेनापती ड्यूक ऑफ केंब्रिज यांनी मग शाळेचा आग्रह धरला. पुढे दीडशेच्या वर वर्षं तिथून बँडमास्तर बाहेर पडत राहिले. २०२१ मध्ये लष्कराने ती वास्तू सोडली. एकदा तिथवर चालत जा. बाहेरून बघितलीस तरी चालेल.

आपल्याकडे बँड म्हटलं की पितळी वाद्यं आणि वरात डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश मिलिटरी बँडचा कणा मात्र क्लॅरिनेट. ऑर्केस्ट्रात जे काम व्हायोलिनं करतात ते इथे क्लॅरिनेटांचा ताफा करतो. त्याला बासरी, ओबो, बसून, सॅक्सोफोन, वर कॉर्नेट आणि खाली युफोनियम-ट्यूबा. उघड्या मैदानावर, वाऱ्यात, चालता चालता वाजवता येईल असा हा वाद्यवृंद. ग्रामोफोनच्या पहिल्या दिवसांत नेमकं हेच त्याच्या पथ्यावर पडलं.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. खोलीच्या भिंतीतून पत्र्याचा मोठा कर्णा बाहेर आलेला. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली मेणाची जाड तबकडी, वरून सोडलेल्या वजनाच्या ओढीने एकसारखी फिरणारी. वाजवणाऱ्याच्या फुंकेत जो जोर असेल त्यावरच सुई हलायची. व्हायोलिन त्या कर्ण्यात जेमतेम शिरायचं. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन खणखणीत उतरायचे. म्हणून कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा बँड लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा आधारस्तंभ झाला. त्याचे बँडमास्तर जे. मॅकेन्झी-रोगन हे हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात पलटणीबरोबर राहून आलेले गृहस्थ. ती मंडळी कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, त्यामुळे ते वाजवणाऱ्यांना कर्ण्याकडे पाठ करावी लागे आणि बँडमास्तरचा हात आरशात बघावा लागे. एक स्वर चुकला की अख्खी तबकडी पुन्हा.

बास ड्रमला तर खोलीत मज्जावच. त्याच्या एका दणक्याने सुई उडायची आणि मेण वाया जायचं. आता बघ, ज्या ठोक्यावर पलटण डावं पाऊल टाकते, तोच ठोका त्या काळच्या बहुतेक तबकड्यांवर नाही! या जुन्या ध्वनिमुद्रणांत कूच ऐकताना मला कायम पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. वर कॉर्नेट ठामपणे चाललंय, ट्यूबा जमेल तेवढा तोल सांभाळतोय, आणि मधली जागा रिकामी. तरी या तबकड्या मला प्रिय आहेत. १९२५ साली विजेवर मुद्रण सुरू झालं, मायक्रोफोन आला, आणि बँडला प्रथमच स्वतःचं सगळं अंग मिळालं. तबकड्या मात्र लाखेच्याच राहिल्या, आणि ती लाख जायची आपल्याकडून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. एक मार्चही साधारण तेवढाच असतो. सिंफनीला कापून बसवावं लागे, मार्च मात्र जसाच्या तसा बसे.

मार्चचं नाव काढलं की माझ्यापुढे एकच माणूस येतो, केनेथ आल्फर्ड. खरं नाव फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स. १८८१ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जन्मला, लहानपणीच आईबाप गेले, आणि चौदाव्या वर्षी पोरगा रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये बँडबॉय म्हणून भरती झाला. त्या पलटणीबरोबर हिंदुस्थानातही राहिला. मग नेलर हॉल, आणि तिथून आर्गिल अँड सदरलँड हायलँडर्सच्या दुसऱ्या बटालियनचा बँडमास्तर. त्याचा 'कर्नल बोगी' १९१४ चा. इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्जला गोल्फ खेळणारा एक कर्नल पुढच्यांना सावध करायला ओरडत नसे, दोन स्वरांची शीळ घाले, असं सांगतात. पंचमावरून गंधारावर उतरणारे ते दोन स्वर घेऊन याने मार्च उभा केला. क्वाय नदीवरच्या पुलाच्या सिनेमातली शीळ तीच. पण विन्या, सिनेमा विसर आणि पूर्ण मार्च बँडवर ऐक. शिट्टीत फक्त वरची चाल येते. खाली ट्रॉम्बोन आणि युफोनियम तिला काय काय उत्तरं देतात ते कळलं की आल्फर्ड किती मोठा कारागीर होता हे लक्षात येतं.

त्याचा सगळ्यात मोठा मार्च मात्र १९१८ चा 'द व्हॅनिश्ड आर्मी'. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जे पहिले एक लाख सैनिक पडले त्यांच्या स्मरणार्थ. मार्च असून त्यात विजयाचा आव नाही. चाल दबलेली, क्लॅरिनेट खालच्या पट्टीत, आणि मध्येच 'टिपररी' या त्या युद्धातल्या शिपायांच्या लाडक्या गाण्याची ओळखीची ओळ अशी ओझरती येऊन जाते की कुणीतरी लांबून हाक मारली असं वाटावं. १९२७ मध्ये आल्फर्ड रॉयल मरीन्स या आरमारी पायदळात गेला आणि पुढे प्लिमथचा बँड घेऊन एचएमव्हीसाठी त्याने स्वतःचे मार्च मुद्रित केले. ते ऐकल्यावर बाकीच्यांचं वाजवणं मला थोडं घाईचं वाटायला लागलं. तो अजिबात पळत नाही. पाऊल पूर्ण पडू देतो.

आता तुझ्या प्रश्नातला खरा काटा. याच आल्फर्डने हायलँडर्सकडे आल्यावर 'द थिन रेड लाइन' लिहिला. ते नाव १८५४ साली बालाक्लाव्हाला रशियन घोडदळापुढे उभ्या राहिलेल्या ९३व्या हायलँडर्सचं. तीच पलटण १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला सिकंदरबागेत शिरली, आणि आत सापडलेले हजारोंच्या घरातले शिपाई तिथे कापले गेले. मार्च सुंदर आहे आणि मला तो सुखाने ऐकता येत नाही. आपण दोघं खडकीत वाढलो. १८१७ ला पेशवाई जिथे हरली तिथेच ही छावणी बसली, आणि त्याच छावणीतल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, बँडचा सराव भिंतीपलीकडून ऐकत आपण क्रिकेट खेळलो. म्हणजे हे संगीत आपल्याकडे बंदुकीच्या मागोमाग आलं, आणि इथल्या माणसांनी ते आपलंसं केलं, दोन्ही खरं. एनडीएच्या दीक्षान्त संचलनात 'ऑल्ड लँग साइन'वर संथ पावलं टाकत बाहेर पडणारी पोरं बघताना कुणाच्या मनात स्कॉटलंड येतं? दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून २०२२ साली 'अबाइड विथ मी' काढलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. गांधीजींना आवडणारं ते भजन होतं.

कर्नल-जनरलांच्या बाजूने मी हे ऐकत नाही. बँडमध्ये वाजवणारी पोरं बहुतेक रिकेट्ससारखी गरीब घरांतली, कधी अनाथ. लढाई पेटली की वाद्यं ठेवून त्यांनी जखमींचे स्ट्रेचर उचलायचे. माझी ओढ त्यांच्या फुंकेकडे आहे.

होल्स्टबद्दल तर मला तासभर बोलायचं असतं. गुस्ताव होल्स्ट, जो हौसेने संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना ज्याने चाली लावल्या, सत्यवान-सावित्रीवर ऑपेरा लिहिला, त्याच माणसाने त्याच काळात, १९०९ साली, मिलिटरी बँडसाठी 'फर्स्ट सुइट' ही तीन भागांची रचना केली. मोठ्या बँडवर ती वाजली १९२० मध्ये, नेलर हॉललाच. तोवर बँड म्हणजे दुसऱ्यांच्या ऑपेरांचे उतरवलेले तुकडे वाजवणार असाच समज होता. होल्स्टने थेट बँडच्या गळ्यासाठी लिहिलं. पहिला भाग शेकॉन. ट्यूबा आणि युफोनियम आठ मात्रागटांची एक ओळ एकट्याने मांडतात, सुरुवात सा, रे आणि मग उंच उडी मारून ध. ती ओळ शेवटपर्यंत फिरत राहते, लेहरा चालू असावा आणि त्यावर तबलजीने एकेक कायदा उलगडत जावा तशी. मध्ये ती उलटी होते, पुसट होते, परत जमिनीवर येते. तिसऱ्या भागातला मार्च त्याच तीन स्वरांना आरशात धरून सुरू होतो: सा, खालचा नी, ग. तिन्ही भाग एकाच बीजातून आलेत म्हणून मध्ये न थांबता वाजवा, असं होल्स्टनेच सांगून ठेवलंय.

आणि इथे बास ड्रम परत येतो. १९७८ च्या एप्रिलमध्ये फ्रेडरिक फेनेल या अमेरिकन माणसाने क्लीव्हलँडच्या वादकांना घेऊन टेलार्क या कंपनीसाठी होल्स्टच्या दोन्ही सुइट डिजिटल पद्धतीने मुद्रित केल्या. त्यातला ड्रमचा ठोका अजून लोक आपापल्या स्पीकरची परीक्षा घ्यायला लावतात. कर्ण्याच्या खोलीतून हाकललेलं वाद्य शेवटी इतकं ऐटीत आत आलं. फेनेलचं १९५५ चं, मर्क्युरीसाठी ईस्टमन विंड एन्सेंबलबरोबर केलेलं मुद्रणही थोर. तरी ब्रिटिश बँडच्या आवाजातली ती किंचित सावळी, गोल क्लॅरिनेटं मला तिथे सापडत नाहीत. त्यासाठी रॉयल एअर फोर्सचा सेंट्रल बँड, किंवा सर व्हिव्हियन डन यांचे रॉयल मरीन्स. हे डन जन्मले जबलपूरला, १९०८ साली, बँडमास्तरच्या घरात. मूळचे व्हायोलिनवादक. म्हणूनच त्यांच्या बँडमध्ये लांब ओळ कुठे तुटत नाही, असं माझं मत आहे.

मला तुला खरं सांगायचंय ते हे की यातले निम्म्याहून जास्त बँड आज नाहीतच. पलटणी एकमेकींत मिसळल्या, बँड बंद झाले. १९९४ साली सगळे लष्करी बँड एका छत्राखाली आणले तेव्हा मोठीच कपात झाली. रॉयल स्कॉट्स ग्रेजचंच बघ. १९७१ ला ती पलटण दुसरीत विलीन झाली आणि निरोपाची म्हणून एक एलपी निघाली. त्यातलं बॅगपाइपवरचं 'अमेझिंग ग्रेस' १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. रॉयल ग्रीन जॅकेट्सचा बँड १९८२ च्या जुलैत रीजंट्स पार्कमध्ये दुपारी लोकांसाठी वाजवत होता, बँडस्टँडखाली बाँब फुटला, सात वादक गेले. १९८९ च्या सप्टेंबरात डीलच्या रॉयल मरीन्सच्या संगीतशाळेत अकरा गेले. आठवड्याभराने त्यांचा बँड गावातून वाजवत निघाला तेव्हा गेलेल्यांच्या जागा रांगेत तशाच मोकळ्या सोडल्या होत्या.

प्रत्येक बँडची बोली वेगळी असते, आणि बँड गेला की ती कागदावरच्या स्वरलिपीतून परत मिळत नाही. ती तबकडीवर असली तरच आहे. या तबकड्या तिकडे घर आवरताना लोक टाकून देतात. म्हणून तुला काम सांगतोय.

तुमच्याकडच्या धर्मादाय दुकानांत जुन्या एलपींचे खोके असतात. नावाजलेल्या गार्ड्सच्या तबकड्या सोड, त्या सीडीवर मिळतात. एखाद्या काउंटीच्या पायदळ पलटणीचा बँड, छोट्या कंपनीची छपाई, मागे बँडमास्तरचं नाव आणि वर्ष, असं दिसलं की घे. तबकडी तिरप्या उजेडात धरून बघ. केसासारखे ओरखडे चालतील, नखाला लागणारा चरा नको. पुसू नकोस, ते मी इथे करीन. आल्फर्डच्या हातची प्लिमथ मरीन्सची एचएमव्हीची अठ्ठ्याहत्तर गतीची तबकडी दिसली तर किमतीला मागेपुढे पाहू नकोस, मी पैसे पाठवतो. आडवी मात्र ठेवू नकोस, वजनाने तडकते. दोन पुठ्ठ्यांमध्ये उभी बांध आणि येताना हातातल्या बॅगेत आण. इथल्या जुन्या बाजारात मी अजून दर रविवारी फिरतो, पण हल्ली तिथे ग्रामोफोनचे नुसते नकली कर्णेच जास्त दिसतात.

तोवर 'व्हॅनिश्ड आर्मी' आणि होल्स्टचं शेकॉन ऐकून ठेव, हेडफोन न लावता, आणि काय वाटलं ते फोनवर नको, लिहून कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय, ते कुणाबरोबर पाठवता येईल तेही कळव.

तुझा,
मधू