पट्टकादंबांचा दिवसाचा विसावा

नागपूर,
१९ जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, एवढेच. परवा नवेगावबांधच्या तलावावर जे पाहिले, ते तुझ्यावाचून कोणाला सांगावे ते कळेना, म्हणून हे पत्र.

कोहमाऱ्यावरून वळलो तेव्हा धुके होते. बांधावर पोहोचेपर्यंत सातबहिणींच्या टेकड्या मोकळ्या झाल्या आणि आपल्या नेहमीच्या जागेसमोर उथळ पाण्यात पट्टकादंब हंसांचा थवा दिसला. दुर्बिणीतून डोक्यावरच्या दोन्ही काळ्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. बहुतेकांनी चोच पाठीच्या पिसांत खुपसली होती. इतक्यात एक मोटारबोट, मोठ्याने गाणी लावून, सरळ त्यांच्या रोखाने आली. आधी कडेच्या एकाने मान ताठ केली, मग सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या आणि अख्खा थवा उठला. बोटीतली मंडळी टाळ्या वाजवत होती. थवा परत उतरला, तशी बोटही परत आली.

हा पक्षी बहुधा रात्री शेतात, गवतात चरतो आणि दिवसा पाण्यावर विसावतो. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेल्या या जिवाला उन्हाळ्यापूर्वी तोच प्रवास उलट करायचा असतो आणि त्यासाठी लागणारी चरबी इथेच साठवायची असते; दिवसभर असे उडवत राहिले, तर रात्रीचे खाल्लेले इथल्या इथेच खर्च होते.

तू म्हणशील, बोटींवर गावातल्या पोरांची चूल पेटते. नागझिऱ्याला जाताना याच मुद्द्यावर आपण साकोलीपर्यंत भांडलो आणि चहाचे पैसे मात्र तू मलाच द्यायला लावलेस! तुझे म्हणणे खरे आहे, बोटी बंद व्हाव्यात असे मी म्हणत नाही. पण २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे जंगलात जिप्सीतून खाली उतरायचे नाही, आवाज करायचा नाही, हे पर्यटक निमूटपणे पाळतात. मग तीच शिस्त पाण्यावर का असू नये? कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेला तो तलाव एवढा विस्तीर्ण आहे की उथळ भागापुढे हद्द दाखवणारे तरंगते बोये बांधून हिवाळाभर तेवढी बाजू सोडली, तरी नौकाविहाराला काही कमी पडणार नाही.

अर्जुनी मोरगावला तू इतकी वर्षे शिकवलेस. बोट चालवणाऱ्यांत तुझे विद्यार्थी नक्कीच असतील. त्यांच्याशी आधी तू बोल. अर्ज मी लिहितो, पण तो त्यांच्या सह्यांनिशी जावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून घाई करीत नाही.

मुलीची परीक्षा कशी झाली? वहिनींना नमस्कार सांग. फेब्रुवारीत पक्षी जाण्याआधी ये.

तुझा,
विनायक