क्षयाच्या गोळ्यांनी कावीळ झाली तर गोळ्या परत कशा सुरू करायच्या, तेही छापा

महोदय,

क्षयरोगावर वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात 'उपचार अर्धवट सोडू नका' हे वाक्य हमखास असते. ते खरेच आहे. पण पाचव्या आठवड्यात ज्याचे डोळे पिवळे झाले आणि ज्याला डॉक्टरांनीच 'आजपासून सगळ्या गोळ्या बंद' म्हणून सांगितले, त्याने ते वाचून काय करायचे? गोळी थांबवायला एक मिनिट लागते. ती परत सुरू करायला दोन-तीन आठवडे, चार-पाच रक्ततपासण्या आणि बरेच डोके लागते, आणि रुग्ण हातातून निसटतो तो याच मधल्या काळात. त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. यांतली पहिली तीन यकृताला त्रास देऊ शकतात, आणि त्यांत पायराझिनामाइड सर्वांत खोडकर. इथॅम्ब्युटॉल सहसा यकृताच्या वाटेला जात नाही, त्याचे लक्ष डोळ्यांवर. सरकारी उपचारात ही चारही एकाच गोळीत येतात: अनुक्रमे ७५, १५०, ४०० आणि २७५ मिलिग्रॅम. ५५ किलोचा माणूस अशा चार गोळ्या घेतो, म्हणजे दिवसाला ३००, ६००, १६०० आणि ११०० मिलिग्रॅम. एरवी ही मोठीच सोय आहे. यकृत बिघडले की मात्र तीच अडचण होते, कारण त्या गोळीतून एक औषध काढून बाकीची तीन देता येत नाहीत. 'चाराऐवजी दोन घेऊन बघतो' म्हणणारे बरेच भेटतात. त्यात चारही औषधे निम्मी होतात: यकृताचा त्रास थांबेल याची खात्री नाही आणि जंतूला मात्र निम्म्या मात्रेची सवय होते.

आता ओळखायचे कसे? इथे सर्वांत मोठा घोळ लघवीच्या रंगाचा. रिफाम्पिसिनने लघवी पहिल्या दिवसापासूनच केशरी होते, घाम आणि डोळ्यांतले पाणीही रंगते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण एकदा 'लघवी रंगतेच' असे मनात बसले की पुढे खरी कावीळ झाली तरी रुग्ण निवांत राहतो. फरक असा: औषधाचा केशरी रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत गडद असतो आणि रात्रीपर्यंत फिका पडत जातो. काविळीची लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी, दिवसभर तशीच. खात्री डोळ्यांत करायची. सकाळी दारात, उन्हाच्या उजेडात, खालची पापणी ओढून पांढरा भाग बघायचा. पिवळ्या दिव्याखाली बघितलेले धरायचे नाही. रिफाम्पिसिनच्या नेहमीच्या मात्रेने डोळे पिवळे होत नाहीत.

आणि डोळे पिवळे होण्याची वाट बघूच नये. त्याआधी बहुतेकांना आठवडाभर तोंडाची चव जाते, समोर ताट आले की मळमळते, उजव्या बरगडीखाली जड वाटते, कसलासा थकवा येतो. 'गोळ्या उष्ण पडल्या' म्हणून ताक आणि अॅसिडिटीची गोळी सुरू होते, आणि मोलाचे चार-पाच दिवस जातात. पहिल्या दोन महिन्यांत, गोळी नीट पचत असताना नव्याने मळमळ सुरू झाली, तर त्या दिवसाची गोळी न घेता उपचार केंद्रावर जाऊन रक्तातले एसजीपीटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांतून गळून रक्तात वाढणारे द्रव्य) आणि बिलीरुबीन (काविळीचा पिवळा रंग देणारे द्रव्य) तपासून घ्यावे.

आकड्यांचे गणित असे. एसजीपीटीची वरची मर्यादा साधारण ४० धरा. मळमळ-उलटीसारखी लक्षणे आहेत आणि आकडा तिपटीच्या, म्हणजे १२० च्या, वर आहे, तर गोळ्या थांबवायच्या. लक्षणे काहीच नाहीत, तर पाचपट, म्हणजे २०० पर्यंत गोळ्या चालू ठेवून वाट बघायला जागा आहे. कावीळ झाली असेल तर एसजीपीटीकडे न बघता थांबवायच्या. उलट, नुसता ७० किंवा ९० आकडा बघून घाबरून गोळ्या बंद करणेही चूकच. आयसोनियाझिड घेणाऱ्या दर शंभरांत दहा-वीस जणांचा आकडा थोडा वाढतो आणि गोळी चालू असतानाच खाली येतो; यकृत जुळवून घेते. अशांना आठवड्याने तपासणी पुन्हा, एवढेच. रोज दारू पिणारे, हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले, एचआयव्हीबाधित, फार कृश आणि वयस्क यांची मात्र उपचार सुरू होण्याआधी एक तपासणी आणि मग दुसऱ्या, चौथ्या व आठव्या आठवड्यात एकेक व्हायलाच हवी. पहिला आकडाच माहीत नसेल, तर पुढचा वाढला की मुळातच जास्त होता हे सांगणार कोण?

गोळ्या थांबल्या की दोन गोष्टी लगेच बघायच्या. एक, ही कावीळ खरोखर गोळ्यांचीच आहे का? पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हुबेहूब असेच दिसतात, आणि गोळ्यांवर विनाकारण ठपका बसतो. त्या दोन्हींची आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी) तपासणी आणि बी-सीची तपासणी एकाच रक्तात होते. दुसरी, रक्त गोठण्याचा आकडा, म्हणजे आयएनआर. तो १.५ च्या वर गेला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडू लागले, तर घरी थांबायचे नाही. ज्या मोठ्या रुग्णालयात यकृताचे विभाग आहेत तिथे त्याच रात्री न्यायचे. एक फसवी खूणही सांगून ठेवतो: एसजीपीटी झपाट्याने उतरतोय पण बिलीरुबीन आणि आयएनआर चढतायत, तर ती सुधारणा नव्हे. गळायला पेशीच उरलेल्या नाहीत म्हणून आकडा कमी दिसतो.

क्षय पसरलेला असेल, मेंदूपर्यंत गेला असेल किंवा थुंकीत जंतू भरपूर असतील, तर तीन आठवडे उपचाराविना ठेवता येत नाही. अशा वेळी यकृताला न बाधणारी औषधे मध्यंतरासाठी देतात: इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि गरज पडली तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनचे इंजेक्शन. आजार सौम्य असेल तर काही दिवस काहीच न देताही चालते. हा निर्णय डॉक्टरांचा. पण 'मधल्या दिवसांत काय घ्यायचे?' हा प्रश्न रुग्णाने न विसरता विचारायचा.

बहुतेकांची कावीळ गोळ्या थांबवल्यावर आपोआप उतरते. आधी भूक परतते, मग एसजीपीटी उतरतो, मग लघवी स्वच्छ होते. डोळे सर्वांत शेवटी. कारण बिलीरुबीनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतो, आणि अल्ब्युमिनचे आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचे. म्हणून लघवी पांढरी झाली, जेवण जाऊ लागले, तरी डोळ्यांत पिवळी झाक दोन-तीन आठवडे रेंगाळते. यात बिघाड नाही.

नेमक्या याच काळात कुणीतरी कावीळ 'उतरवून' देतो आणि श्रेय घेऊन जातो. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, कारण आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. निरोगी माणसाच्या हातानेही तेवढेच पिवळे होईल. गळ्यातली माळ लांब होते ती ओल्या काड्या सुकून दोऱ्याचे वेढे सैल पडतात म्हणून. हे प्रकार निदान निरुपद्रवी. देवडांगरीचे थेंब नाकात घालणे आणि दंडावर डाग देणे तसे नाही. थेंबांनी नाकातून पिवळे पाणी वाहते ते आतली त्वचा भाजल्यामुळे, कावीळ बाहेर पडते म्हणून नव्हे. काढ्यांबद्दलही तेच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आमचे म्हणणे इतकेच की बिघडलेल्या यकृतावर आणखी एक औषध चढवले, मग ते पाल्याचे असो वा बाटलीतले, की पुढचा बिघाड कशाने झाला हे कुणालाच सांगता येत नाही. दुकानातली 'लिव्हर टॉनिक' आणि सिलीमारिनच्या गोळ्या यांनी क्षयाच्या औषधांची कावीळ लवकर उतरते, असा भक्कम पुरावा नाही. बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी तळपायांची आग आणि मुंग्या टाळण्यासाठी असते. ती यकृताला राखते हा गैरसमज आहे. तापाला पॅरासिटामॉल लागलेच तर डॉक्टरांना विचारून, दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांहून जास्त नाही. निमेसुलाइड ही ताप-दुखण्याची गोळी अजिबात नको.

जेवणाचे पथ्य हा तर स्वतंत्र पत्राचा विषय. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, आणि ४५ किलोचा क्षयरुग्ण महिनाभर उसाचा रस आणि फुटाण्यांवर. पिवळे खाल्ल्याने कावीळ वाढत नाही. यकृताला नवी पेशी उभी करायला प्रथिने लागतात: किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे या माणसाला साधारण ५६ ते ६८ ग्रॅम. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात साधारण तितकेच, शिवाय दूध, दही, शेंगदाणे, मासे. मळमळ असताना एकदम ताटभर जात नाही. दर दोन-तीन तासांनी थोडे द्यावे, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात असावे. फोडणीचे तेल चालते. गाड्यावरचा रस, त्यातला बर्फ, हे मात्र नकोच. गोळ्यांच्या काविळीवर हिपॅटायटिस ए किंवा ईची भर पडायची. दारू शेवटची गोळी संपेपर्यंत थेंबभरही नाही. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) ज्यांच्या खात्यात येत नसतील, त्यांनी केंद्रावर बँकेचे तपशील पुन्हा तपासून घ्यावेत.

आता गोळ्या परत सुरू करण्याबद्दल. एसजीपीटी दुपटीच्या खाली, म्हणजे ८० च्या आत आला, मळमळ गेली आणि कावीळ उतरली, की वेळ झाली. आता चार औषधांची एकत्र गोळी नाही, सुटी औषधे लागतात. सहसा आधी रिफाम्पिसिन, सोबत इथॅम्ब्युटॉल. रिफाम्पिसिन ५० किलोच्या आतल्याला ४५०, वरच्याला ६०० मिलिग्रॅम. रिफाम्पिसिन आधी, कारण सहा महिन्यांत हा उपचार बसतो तो त्याच्यामुळे. ते सोसत नसेल तर सगळा आराखडा बदलतो आणि काळ बराच लांबतो. तीन ते सात दिवसांनी एसजीपीटी. ठीक असेल तर आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम. काही डॉक्टर १०० पासून चढवत नेतात, काही आयसोनियाझिडच आधी देतात. पुन्हा तीन ते सात दिवस, पुन्हा तपासणी. रिफाम्पिसिनने सुरुवातीला एकटे बिलीरुबीन थोडे वर जाऊ शकते; एसजीपीटी जागेवर असेल तर त्यावरून घाईने निष्कर्ष नको. आकडा उसळला, तर शेवटी जोडलेले औषध तेवढे काढायचे. सगळी नाहीत.

पायराझिनामाइडचा निर्णय शेवटी. कावीळ जोरदार झाली होती आणि बाकीची औषधे सोसत आहेत, तर त्याच्या वाटेला पुन्हा न गेलेले बरे. मग उपचार सहाऐवजी नऊ महिन्यांचा होतो. तीन महिने जास्त, पण यकृत शाबूत. हे आधीच सांगितले नाही तर सातव्या महिन्यात रुग्ण भांडायला येतो आणि त्याचे चूक नसते.

एवढे सोपस्कार कशाला, असे वाटेल. दिल्लीच्या एम्समध्ये १७५ रुग्णांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी गोळ्या परत सुरू करून बघितले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. दुसऱ्यांदा बिघाड झाला तो १९ जणांत, म्हणजे साधारण नवांत एकाला, आणि पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. सगळी औषधे एकदम सुरू केलेल्यांतही. पण ते रुग्ण बारकाईने देखरेखीखाली होते. शिवाय एकेक करून दिले की त्या नवव्या माणसात दोषी कोण हे कळते, आणि उरलेल्या दोन औषधांवरचा आळ जातो.

ज्याची आम्हांला सर्वांत धास्ती वाटते ते वेगळेच आहे: घरात उरलेल्या गोळ्यांच्या पानातून (स्ट्रिपमधून) स्वतःच सुरू करणे. दोन दिवस घ्यायच्या, डोळे बघायचे, दोन दिवस सोडायच्या. रिफाम्पिसिन असे तोडून-तोडून घेतले की थंडी-ताप येतो, प्लेटलेट घसरू शकतात, क्वचित मूत्रपिंड बंद पडते. म्हणून गोळ्या थांबवल्या त्याच दिवशी उरलेली पाने केंद्रावर परत द्यावीत.

सरकारी केंद्रांकडे तीन मागण्या. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सुट्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉलचा थोडा साठा कायम असावा. ही औषधे शेड्यूल एच-१ मधली, त्यामुळे दुकानदार चिठ्ठी आणि नोंदीशिवाय देऊ शकत नाही, आणि रिफाम्पिसिन एका गावात, आयसोनियाझिड दुसऱ्यात अशी वणवण रुग्णाने करू नये. दुसरी, उपचार कार्डावर थांबवल्याची तारीख, त्या दिवशीचा एसजीपीटी आणि परत बोलावल्याची तारीख एकाच ओळीत लिहावी, आणि त्या तारखेला रुग्ण आला नाही तर दुसऱ्या दिवशी आशाताईंनी घरी जावे. तिसरी, अशा प्रत्येक काविळीची औषध-दुष्परिणाम म्हणून नोंद व्हावी. ती रुग्ण स्वतःही करू शकतो: १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कामाच्या दिवशी चालू असतो आणि ग्राहकांचा फॉर्म मराठीतही मिळतो. उपचाराबद्दलच्या शंकांसाठी निक्षयचा क्रमांक १८००-११-६६६६. फोन करताना गोळ्या सुरू झाल्याची तारीख, वजन, रोजच्या गोळ्यांची संख्या आणि शेवटचे दोन रिपोर्ट हाताशी ठेवावेत.

आपले,
क्षयरुग्णांच्या औषधोपचाराचे काम करणारे काही औषधनिर्माते व परिचारिका, सातारा