नुकसान गाडीनं केलं, मग भरपाई पोराच्या खिशातून कामून?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अपघाताच्या बातम्या रोज असतात, कुणी गेलं, कुणी जखमी झालं, त्या यायलाच पाहिजेत. पण ज्या अपघातात माणसाला काही होत नाही, फक्त कुणाचं कंपाउंड पडतं, कुणाचं गेट वाकतं, कुणाच्या दुकानापुढचे पत्रे फाटतात, त्याची ना बातमी होते ना पोलिसात नोंद, आणि असलं नुकसान आता गल्लोगल्ली व्हायलंय. पहिले मोठी वस्तू गंजगोलाईच्या बाजारातून घ्यायची आणि ओळखीच्या हातगाडीवाल्याला सांगून घरी आणायची, त्याला गल्ली माहीत असायची. आता फ्रीज, कपाट, सोफा काहीबी ऑनलाइन मागवलं की पिकअप नाहीतर छोटा हत्ती थेट दारापुढं येतो, तेबी जुन्या वस्तीत जिथं दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं. वळायला जागा नाही म्हणून रिव्हर्स, आणि मागं उभं राहून हात दाखवायला दुसरा माणूस नसतो, कारण एकाच पोराला गाडीबी चालवायची असते आणि पार्सलबी द्यायचं असतं.

आमच्या शेजारच्या मावशींचा हौद असाच फुटला. पार्सल त्यांचं नव्हतंच, पलीकडच्या घरचं होतं. गाडी मागं घेताना हौदाची भिंत गेली, ओट्याच्या दोन शहाबादी फरशा गेल्या आणि भरलेला हौद रस्त्यावर वाहून गेला. दुसऱ्या शहरातल्या माणसाला वाटेल पाणीच तर गेलं. पण आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आजबी आमच्या भागात नळ रोज येत नाही, आला की माणसं रात्री उठून भरून ठेवतात, मावशी एकट्या राहतात, त्यांनी ते पाणी पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं म्हणून भरलं होतं.

मग जे सगळीकडं होतं तेच झालं. लोक जमले, गाडीची चावी काढून घेतली, पोराला म्हणले पैसे दे मग जा. पोरगं रेणापूरकडचं, वीस-बावीसचं, त्यानं आधी मालकाला फोन लावला, मालकानं उचलला नाही, मग भावाला लावला आणि भावानं दोन हजार फोनवर टाकले. मिस्त्रीनं नंतर सांगितलेला खर्च बावीस हजारांचा होता. म्हणजे मावशींचं भागलं नाही ते नाहीच आणि त्या पोराची कमाई गेली. मला हे बघून लई वाईट वाटलं आणि म्हणूनच हे पत्र लिहायलोय. पोराला दमदाटी करून जे मिळतं त्याला भरपाई म्हणायचंच नाही, खरी भरपाई गाडीच्या विम्यात असते आणि तिथपर्यंत आपल्याकडं कुणी जातच नाही.

बघा, मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यातल्या कलम १४६ प्रमाणं थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. थर्ड पार्टी म्हणलं की लोकांना वाटतं फक्त माणूस मेला किंवा हातपाय मोडला तरच. तसं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानबी त्यात येतं, भिंत, गेट, दुकान, उभी केलेली गाडी, हौद, सगळं. पिकअपसारख्या मालवाहू गाडीच्या पॉलिसीत हे कव्हर साधारण साडेसात लाखांपर्यंत असतं आणि दुचाकीचं एक लाखापर्यंत. फक्त काही मालक हप्ता थोडा वाचावा म्हणून हे कव्हर ६,००० रुपयांवर आणून ठेवतात, तशी सोय पॉलिसीत असते, म्हणून पॉलिसी नुसती आहे का एवढं विचारून भागत नाही, आतला आकडा बघावा लागतो. कव्हर कमी असलं तरी वरची रक्कम मालकाच्या अंगावर राहतेच, तो सुटत नाही.

आणि मालक कोण? आम्ही पार्सलवाल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणले गाडी आमची नाही, व्हेंडरची म्हणजे ठेकेदाराची आहे. व्हेंडर म्हणला गाडी भाड्यानं लावलीय. गाडीवर नंबर एमएच १४, म्हणजे पासिंग पिंपरी-चिंचवडचं. हे असं एकमेकाकडं बोट दाखवणं ऐकूनच माणूस अर्ध्यात सोडून देतो. पण विमा पार्सलवाल्या कंपनीच्या नावाला नसतो, गाडीला असतो, आणि ड्रायव्हर कामावर असताना त्याच्या हातून नुकसान झालं तर गाडीचा मालक जबाबदार असतो. त्यामुळं सगळ्यात आधी गाडीचा नंबर. तो एकदा मिळाला की सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून विमा चालू आहे का, कोणत्या कंपनीचा आहे, कधी संपतो ते दिसतं. मालकाचं नाव तिथं अर्धं झाकलेलं असतं. त्यासाठी कलम १६० आहे, भरपाई मागणाऱ्यानं फी भरून मागितलं तर आरटीओनं किंवा ठाण्याच्या साहेबांनी मालकाची, ड्रायव्हरची आणि विम्याची माहिती द्यायचीच आहे.

आता पोलिसांबद्दल. ठाण्यात गेलं की पहिला प्रश्न, कुणाला लागलंय का? नाही म्हणलं की आपसात मिटवा म्हणून सांगतात. कामाचा लोड त्यांनाबी आहे हे मान्य, पण कलम १३४ मध्ये सरळ लिहिलंय की माणूस जखमी झाला असो का दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असो, जागेवर पोलीस नसतील तर ड्रायव्हरनं जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, कसंबी करून २४ तासांच्या आत कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची. म्हणजे ही गोष्ट फक्त आपसातली नाहीच. निदान स्टेशन डायरीला नोंद आणि जागेचा पंचनामा एवढं तरी त्यांनी करून द्यावं, कारण तो कागद नसला की विमा कंपनी पुढं विचारते, गाडीनंच पाडली कशावरून, भिंत जुनीच होती. तोवर आपण फोटो काढावेत, गाडी तिथंच असताना, नंबर दिसेल असे, आणि कुणाच्या घरी सीसीटीव्ही असेल तर ते फुटेज त्याच दिवशी मागून घ्यावं, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मिस्त्रीचा अंदाज लेखी घ्यावा, टँकर मागवला तर त्याची पावती ठेवावी. आणि घाईघाईत भिंत बांधून मोकळं होऊ नये, विम्याचा सर्व्हेअर बघायला आला तर त्याला मोडलेलं दिसलं पाहिजे.

गल्लीत उभी केलेली आपली कार कुणी ठोकली आणि आपला फुल इन्शुरन्स असला तर आपल्याच पॉलिसीतून काम लवकर होतं, पण मग नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, दुसऱ्याच्या चुकीपायी. भिंतीला, हौदाला तोबी मार्ग नाही, घराचा विमा काढायची पद्धत आपल्याकडं फार कमी.

मालक आणि त्याची विमा कंपनी ऐकत नसतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, जिल्हा कोर्टातच असतं, आणि तिथं नुसत्या मालमत्तेच्या नुकसानीचाबी दावा चालतो. आपण राहतो तिथं लावता येतो, मालक पुण्याचा असला म्हणून पुण्याला जायची गरज नाही. नुकसान २,००० च्या वर असेल तर दिवाणी कोर्टातबी जाता येतं. पण न्यायाधिकरणात दावा लावायची मुदत लक्षात ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीतून ती अपघातापासून सहा महिन्यांची आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आधी मुदतच नव्हती म्हणून जुने लोक सांगतात कधीबी लावा, त्यांच्यावर विसंबून राहू नये.

वकिलाची फी नुकसानीपेक्षा जास्त होईल ही भीती खरी आहे, बावीस हजारासाठी कोण कोर्टाची पायरी चढेल. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि दिव्यांगांनाबी, १५१०० वर फोन करून विचारता येतं. आणि लोकअदालतीत दावा दाखल व्हायच्या आधीचं प्रकरणबी ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, दोघं तयार झाले तर एकदाच मिटतं आणि त्याच्यावर अपील नसतं.

माझं मागणं एवढंच आहे की पार्सलच्या गाडीवर मागच्या बाजूला मालकाचं नाव, चालू फोन नंबर आणि विमा कंपनीचं नाव मोठ्या मराठी अक्षरात लिहिणं कंपन्यांनी स्वतःहून सुरू करावं, ते करत नसतील तर प्रशासनानं करायला लावावं. अरुंद गल्लीत मोठं पार्सल पाठवताना सोबत दुसरा माणूस द्यावा. आणि नुकसान झालं तर ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं बंद करावं, कारण कापलं जाणार म्हणूनच ही पोरं गाडी घेऊन पळतात, आणि गाडीचा नंबरच मिळाला नाही तर दावा लावायचा कुणावर? सरकारची पळून गेलेल्या गाडीसाठीची मदत मृत्यू आणि गंभीर जखमेलाच आहे, भिंतीला नाही.

मावशींचा अर्ज आम्ही विधी सेवा प्राधिकरणात दिलाय, त्यात भिंत आणि फरशीसोबत टँकरचे पैसेबी धरलेत. कुणा वाचकाला मराठवाड्यात असली भरपाई विम्यातून मिळाली असेल तर त्यांनी काय कागद लावले ते आपल्या पेपरातून जरूर कळवावं, आमच्या पुढच्या तारखेला ते कामी येईल.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर