पुस्तकांच्या पिशवीसोबत

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना मी ताट सरकवून उठले, ते चुकलंच. पण पाणबुडी शाखेसाठी नाव दिलंस ते कागद हातात पडल्यावर सांगावंस? असो. तो विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. दारात बूट घालताना तू म्हणालास, ‘आई, जन्म वाचनालयात काढलास, पाणबुड्यांच्या युद्धावरची बरी पुस्तकं तरी काढून दे. कादंबऱ्या नकोत, खरं काय ते दे.’ मला हसवायला म्हणालास, कळलं. तरी काढली. डिंकाच्या लाडवांखाली आहेत.

पुस्तक हातात आलं की आधी ते कोणत्या साली निघालं ते बघ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा यंत्रावरचे गुप्त संदेश इंग्रज वाचत होते, हे जगाला नीट कळलं १९७४ मध्ये. त्याआधी लिहिलेल्या पुस्तकांत यू-बोटींचा, म्हणजे जर्मन पाणबुड्यांचा, ठावठिकाणा शत्रूला कसा लागत होता याची अर्धी गोष्टच नाही. हर्बर्ट वेर्नरचं ‘आयर्न कॉफिन्स’ १९६९ चं. हा माणूस स्वतः यू-बोटीचा कप्तान होता, त्यामुळे वाचताना दम कोंडतो. पण इतिहासकारांनी त्यातल्या बऱ्याच तपशिलांवर बोट ठेवलंय. तेव्हा आतलं जगणं त्याच्याकडून घे आणि हिशेब क्ले ब्लेअरच्या दोन जाड खंडांतून. ते सलग वाचायला जाऊ नकोस, झोपशील. मागची सूची उघडायची, बोटीचा नंबर शोधायचा, तेवढंच वाचायचं.

आकडे मी लिहिणार नव्हते. पण यू-बोटींवर गेलेल्या दर चार जणांतले जवळपास तीन परत आले नाहीत, हे कुठलंही पुस्तक उघडलं तरी समोर येतंच. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात ४१ बोटी बुडाल्या. त्यांतल्या यू-९५४ वर जर्मन नौदलाचा प्रमुख डोनिट्झ, त्याचा धाकटा मुलगा होता. बोटी पाठवणारा बापच. त्या माणसाबद्दल मला काडीची माया नाही, नाझीच तो. तरी त्या पानाशी चहा गार झाला.

लेक्चर झालं ना? सवय आहे. देवघेवीच्या खिडकीत ३१ वर्षं हेच केलं.

आता माझ्या आवडीचं. रिचर्ड ओ’केनचं ‘क्लिअर द ब्रिज!’. अमेरिकेच्या ‘टँग’ पाणबुडीचा हा कप्तान. अमेरिकनांचे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सुरुवातीला फार खोल जायचे, कधी जहाजावर आदळूनही फुटायचे नाहीत, आणि दोष आमच्यात नाही म्हणून कचेरीतले लोक अडून बसले. सगळं सुधारायला १९४३ चा सप्टेंबर उजाडला. ‘टँग’चं नशीब आणखी उलटं. ऑक्टोबर १९४४, तैवानच्या सामुद्रधुनीत शेवटचा पाणतीर सोडला, तो वळसा घेऊन तिच्यावरच आला. ८७ जणांतले ९ वाचले. काही जण बुडालेल्या बोटीतून, १८० फुटांवरून, श्वासाची पिशवी लावून वर आले. ते कसं केलं ते नीट वाच. दोनदा वाच.

पालगडच्या विहिरीत तू बुडी मारून बसायचास आणि मी काठावर मोजायचे. चाळीसच्या पुढे गेलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. तू वर येऊन विचारायचास, ‘किती झाले?’ मी मुद्दाम कमी सांगायचे, पुढच्या वेळी लवकर यावास म्हणून. तू उलट जास्त वेळ राहायला लागलास.

विशाखापट्टणमला ‘सातवाहन’वर, नौदलाच्या पाणबुडी शाळेत, शिकायला जातोयस. नाव आपल्या पैठणच्या राजांचं, तेवढंच बरं वाटलं. तिथल्याच समुद्रात पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी पडली आहे, १९७१ च्या डिसेंबरपासून. आपले म्हणतात आपल्या ‘राजपूत’ युद्धनौकेने बुडवली, पाकिस्तानवाले म्हणतात ‘गाझी’चाच सुरुंग किंवा आतला स्फोट. जो लेखक एकच बाजू ठणकावून सांगतो आणि दुसरीचं नावही घेत नाही, त्याचं पुस्तक मिटून ठेव. आपला असला तरी. आतली ९० वर माणसं कुणाची तरी होतीच.

आणि ‘खुकरी’, आपली युद्धनौका. ९ डिसेंबर, दीवजवळ, पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीचा पाणतीर. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. मेजर जनरल कार्डोझोंनी वाचलेल्यांच्या तोंडून ते सगळं गोळा केलंय. स्वतः पायदळातले, त्याच युद्धात पाय गमावलेले, त्यामुळे शौर्याचा फुगारा कमी आहे. पाणबुडी काय करते ते वरच्या माणसांकडूनही ऐकायला हवं, म्हणून दिलंय. तुला घाबरवायला नाही. खरंच नाही.

बायकांत परवा तुझं नाव निघालं तर मी म्हटलं, आमचा पाणबुडीवर जातोय. आवाज जरा मोठाच झाला माझा. घरी येऊन देवापुढे बसले ते सात वाजेपर्यंत.

बोट वर आली, रेंज आली, की फोन कर. रात्रीचे दोन असले तरी. मनूला आधी लावू नकोस.

तुझी,
आई

ता. क. ही पुस्तकं पुराच्या वर्षी माळ्यावर होती म्हणून वाचली, तिथे दमट हवेत जपून ठेव. ‘खुकरी’त एक पान मुडपलेलं दिसेल. मी पानं मुडपत नाही हे तुला माहीत आहे. बाबांना विचारू नकोस.