मंद्या, गोळ्या नको घेऊस

प्रिय मंद्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. काकूंबद्दल काय बोलू, सुचतच नाही रे. पण तू शेवटी विचारलंस ना, ओठावर सारखे तापाचे फोड येतात तर पुढे अल्झायमर, म्हणजे स्मरणशक्ती जाण्याचा आजार, होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध रोजच सुरू करू का, त्याचं उत्तर आधी देतो. नको.

म्हणजे फोडांचा आणि अल्झायमरचा संबंध अगदीच हवेतला नाहीये. मँचेस्टरच्या संशोधक रूथ इत्झाकी बाईंनी 1991 ला म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत या फोडांच्या व्हायरसचा, हर्पीस सिम्प्लेक्स 1 चा, डीएनए दाखवला, पण गोची अशी की अल्झायमर नसलेल्यांच्या मेंदूतही तो सापडला! मग 1997 ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये त्यांनी मांडलं की मेंदूत व्हायरस आणि जोडीला एपीओई-4 जीन असं दोन्ही जुळलं की धोका वाढतो. फोड येणाऱ्यांमध्येही ही जीन जास्त दिसली. हा व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत जन्मभर दबा धरून बसतो, ताप आला, टेन्शन आलं की उठतो. तेव्हा बाईंचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग गोळ्या का नको? अमेरिकेत डॉ. देवानंद यांच्या टीमने सुरुवातीचा अल्झायमर असलेल्या 120 जणांवर 78 आठवडे ट्रायल केली, काहींना व्हॅलासायक्लोव्हिर (असायक्लोव्हिरचंच भावंड) आणि काहींना नुसती खोटी गोळी. 2025 ला रिझल्ट आला, फायदा शून्य, उलट एका स्मरणाच्या टेस्टमध्ये खोटी गोळीवालेच जरा बरे निघाले. आजार आधीच लागलेला होता म्हणून उशीर झाला असंही असेल, पण त्या आशेवर किडनीवर ताण कशाला.

जीन टेस्टचं म्हणशील तर मी नाही करणार. एपीओई-4 ची एक कॉपी म्हणजे धोका अंदाजे तिप्पट, दोन म्हणजे 8 ते 12 पट, तरी कित्येकांना होतच नाही आणि जीन नसलेल्यांना होतो. रिपोर्ट हातात आला की तू रात्रभर गुगल करत बसणार, ओळखतो मी तुला.

मला खरं पटलं ते ब्रिटनमधल्या वेल्सचं संशोधन. तिथे नागिणीची लस 2 सप्टेंबर 1933 ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच मिळाली, एक दिवस आधी जन्मलेला कायमचा बाहेर. म्हणजे लॉटरीच की, त्यामुळे तुलना सरळ झाली! सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच) साधारण 20 टक्के कमी, बायकांत फरक जास्त. व्हायरस वेगळा पण हर्पीसच्याच खानदानातला. तिथली लस जुनी होती, आपल्याकडे आता नवी मिळते, पन्नाशीनंतर देतात, महाग आहे. तरी तुझ्या डॉक्टरांना विचारच, आणि काय म्हणाले ते मलाही कळव, मलाही घ्यायचीय.

तुझा,
सुहास